वतनापासून नेमणूकपत्रापर्यंत : कामगार कायद्याचा इतिहास आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

प्रतिवर्षी १४ एप्रिल व १ मे या दोन दिवशी आपल्या वस्त्यांतून, विहारांच्या आवारांतून आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांतून जे फलक लागतात, त्यांवर एक वाक्य बहुधा असतेच. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी सातव्या भारतीय श्रम परिषदेत बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठवर आणले, असे ते वाक्य. त्याखाली भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, किमान वेतन, प्रसूती रजा अशी यादी येते आणि हे सारे एकहाती, जणू एकाच दिवशी घडले, असा वाचणाऱ्याचा समज होतो. या वाक्यामागील कृतज्ञता खरी आहे. तिच्याविषयी आम्हास यत्किंचितही शंका नाही. परंतु ज्या महापुरुषाने आयुष्यभर प्रत्येक विधानामागे पुरावा उभा केला, त्याच्याविषयीची कृतज्ञता ऐकीव माहितीवर उभी असू नये, असे आम्हास वाटते.

याला दुसरेही एक व्यावहारिक कारण आहे. कायदा कोठून आला, कोणत्या क्रमाने आला आणि कोणासाठी आला हे ज्यास ठाऊक नाही, त्यास तो केव्हा आणि कोणत्या दाराने निघून जातो हेही कळत नाही. आपली दुसरी-तिसरी पिढी आज केवळ यंत्रावर उभी नाही; ती कचेरीत कार्मिक अधिकारी म्हणून, अलीकडच्या भाषेत 'एच. आर.' म्हणून, टेबलाच्या दुसऱ्या बाजूसही बसली आहे. म्हणून नोकरीच्या कायद्याची मूलतत्त्वे इतिहासाच्या अंगाने वाचकांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वतन : करार नसलेली नोकरी

कामगार कायद्यावरील पुस्तकांचा प्रारंभ बहुधा इंग्लंडमधील गिरण्यांपासून होतो. महाराष्ट्रातील वाचकाने तो गावच्या चावडीपासून करावा, असे आमचे मत आहे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने महार वतनास कायद्याचे रूप दिले. सरकारी कागद व सारा पोहोचविणे, अंमलदाराचे सामान वाहणे, शिवेची राखण करणे, मयताची वर्दी परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महारांकडे असत. या कामास दिवस व रात्र असा भेद नव्हता. कामगिरीवरचा महार घरी नसेल, तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसास धरून नेण्यात येई. मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि रयतेने द्यावयाचे बलुते. हे बलुते म्हणजे केलेल्या कामाचे वेतन. परंतु ते भिकेसारखे घातले जाई आणि महारांनी मान वर केली की सर्वप्रथम तेच बंद होई.

नोकरीच्या कोणत्याही कायद्यास पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मालक कोण? काम कोणते? वेळ किती? वेतन किती आणि केव्हा? आणि काम सुटते कसे, म्हणजे सोडता येते काय आणि काढून टाकावयाचे झाल्यास कोणत्या रीतीने? वतनात यांपैकी एकाही प्रश्नास सरळ उत्तर नव्हते. मालक म्हणून सरकार बोट दाखवी रयतेकडे आणि रयत सरकारकडे. कामाची यादी नव्हती, तास नव्हते, वेतनाची हमी नव्हती. आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर सर्वांत भयानक होते. जे काम जन्माने मिळाले, ते सोडणार कसे?

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करावे, ज्यांना वतनाच्या जोखडातून मुक्त व्हावयाचे असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, अशा त्यातील तरतुदी होत्या. ते विधेयक संमत झाले नाही. वतन कायद्याने नष्ट झाले ते १९५८ साली, मुंबई कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या अधिनियमाने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. पण १९२८ चे ते विधेयक आम्ही कामगार कायद्याच्या इतिहासातच गणतो. जन्माने लादलेले काम मोजता येणाऱ्या, सोडता येणाऱ्या आणि रोख वेतन असलेल्या कामात बदलावे, हेच त्याचे सूत्र होते. पुढील अठरा वर्षांत बाबासाहेबांनी कामगारांसाठी जे केले, ते याच सूत्राचा विस्तार होय.

करार आणि तुरुंग

गाव सोडून जो मुंबईस आला, त्यास करार मिळाला. परंतु कराराने दोन्ही पक्ष समान होतात, हा समज त्या काळच्या कायद्यानेच खोटा ठरविला होता. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये, उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा देता येत असे. मालकाने करार मोडला, तर मात्र त्यास तुरुंग नव्हता. एकाच कराराचा भंग एका पक्षाच्या बाबतीत गुन्हा आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ पैशाचा प्रश्न, असा हा न्याय होता. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. तोवर कित्येक पिढ्या त्याखाली राबल्या.

कामाच्या तासांचा इतिहासही असाच पायरीपायरीने घडला. १८८१ चा पहिला कारखाने कायदा केवळ मुलांपुरता होता आणि शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच तो लागू होता. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांस यश येऊन १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे तास अकरा केले. प्रौढ पुरुषाच्या तासांवर पहिली मर्यादा आली ती १९११ साली, आणि तीही कापड गिरण्यांपुरती, बारा तासांची. १९२२ मध्ये दिवसाचे अकरा व आठवड्याचे साठ तास झाले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा व चौपन्न. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवितो. गिरणीत भरती कोण करीत असे? जॉबर किंवा मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस लावी, लावताना दस्तुरी घेई आणि मन मानेल तेव्हा काढून टाकी. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने या प्रकारावर उपाय म्हणून कारखान्यांतून लेबर ऑफिसर नेमावेत आणि भरतीचे काम त्यांच्याकडे द्यावे, अशी शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजच्या 'एच. आर.' पदाची मुळे येथे आहेत. हे पद मालकाच्या सोयीसाठी नव्हे, तर जातीच्या व लाचेच्या भरतीस आळा घालण्यासाठी सुचविले गेले होते, हे त्या खुर्चीत बसणाऱ्या आमच्या तरुणांनी विसरू नये.

साचेखाते आणि संप

मुंबईच्या गिरण्यांतही वतन पूर्णपणे सुटले नव्हते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी अधिक होती. पण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, तेव्हा विटाळ होईल, या सबबीवर अस्पृश्य कामगारास तेथे प्रवेश नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट हवी असेल, तर कामगारानेच कामगारावर घातलेली ही बंदी आधी उठली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे जे त्यांनी सांगितले, त्यामागे असा प्रत्यक्ष अनुभव होता. रेल्वेतही आपला माणूस गँगमन म्हणून लागे आणि बहुधा गँगमन म्हणूनच निवृत्त होई.

स्त्री कामगारांविषयीची त्यांची भूमिका १९२८ मध्येच स्पष्ट झाली होती. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबई कौन्सिलापुढे आलेल्या प्रसूती लाभाच्या विधेयकास पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि जो मालक स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने त्या भाराचा काही वाटा उचलणे न्याय्य आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. हा कायदा १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात अमलात आला.

१९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाची खरी कसोटी १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने लागली. या विधेयकाने काही परिस्थितीत संप हा दंडनीय अपराध ठरत होता. सप्टेंबर १९३८ मध्ये विधानसभेत बोलताना बाबासाहेबांनी कायद्याचे मूलतत्त्वच सभागृहापुढे ठेवले. नोकरीचा करार मोडणे ही दिवाणी स्वरूपाची बाब आहे, तो गुन्हा नव्हे. माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे त्यास गुलाम करणे होय. आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. १८५९ चा कायदा ज्यास ठाऊक आहे, त्यास या युक्तिवादाचे मोल कळेल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही संमत झाले. मात्र इतिहास सरळ रेषेत चालत नाही. कारखान्यातील सेवानियम लेखी असावेत, ही स्थायी आदेशांची कल्पना कायद्यात प्रथम आली ती याच १९३८ च्या कायद्यात. त्या कायद्यातील दंडाच्या कलमांस विरोध करणाऱ्या बाबासाहेबांनीच आठ वर्षांनी ही उपयुक्त कल्पना सर्व देशासाठी उचलून धरली.

मजूरमंत्री : १९४२ ते १९४६

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत ते या पदावर होते. पद घेतल्यावर महिनाभराच्या आत, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, सरकार, मालक व कामगार या तिन्ही पक्षांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीस भरली. कामगार कायद्यांत देशभर एकसारखेपणा आणणे, कलह मिटविण्याची पद्धत ठरविणे आणि अखिल भारतीय महत्त्वाच्या प्रश्नांचा विचार करणे ही तिची उद्दिष्टे होती. तोवर कामगाराविषयी निर्णय होत. कामगाराचा प्रतिनिधी मालकाच्या बरोबरीने बसून निर्णय होत नसत. आमच्या मते ही परिषद हेच त्यांच्या कारकिर्दीतील मूळ काम होय, कारण पुढील कायद्यांचे मसुदे तिच्यातील चर्चेतून तावूनसुलाखून निघाले.

१९४५ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यातील प्रौढ कामगारास वर्षाच्या सेवेनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी मांडलेल्या आणि त्याच वर्षी संमत झालेल्या दुरुस्तीने आठवड्याचे चौपन्न तास अठ्ठेचाळीसवर आणि दिवसाचे दहा तास नऊवर आले. जादा कामास दुप्पट दराने वेतन ठरले. एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक सेवा (स्थायी आदेश) विधेयक आले व संमत झाले. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कामगारांचे वर्ग, पाळ्या, रजा, गैरवर्तनाची व्याख्या, चौकशी आणि सेवासमाप्तीची रीत हे सर्व लिहून काढून अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेणे मालकावर बंधनकारक झाले. ज्याच्या आजोबास आपले काम कोणते हेच कधी कोणी लिहून दिले नव्हते, त्याच्या हाती सेवानियमांचा छापील कागद आला. त्याच महिन्यात, ११ एप्रिल १९४६ रोजी, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. शेतमजुरालाही त्याच्या कक्षेत घेतले होते, हे विशेष.

खाणींच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद परिसरातील कोळसा खाणींत स्वतः उतरले, कामगारांच्या चाळी पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणींतील प्रसूती लाभाच्या कायद्यात १९४३ मध्ये त्यांनी दुरुस्ती केली. परंतु त्याच १९४३ साली, युद्धामुळे कोळशाचा तुटवडा पडल्याने, भूगर्भात स्त्रियांना कामावर घेण्यावरील बंदी सरकारने उठविली. देशात व परदेशांत टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याची जबाबदारी मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांवर आली. ही आणीबाणीची तात्पुरती तरतूद असल्याचे त्यांनी सांगितले आणि या कामात स्त्रीस पुरुषाइतकेच वेतन मिळेल हे तत्त्व प्रस्थापित झाल्याकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. काही वाचकांस हा प्रसंग अडचणीचा वाटेल. आम्हास तो उद्बोधक वाटतो. सत्तेच्या पदावरील माणसास निवड नेहमी चांगले व वाईट यांत करावयाची नसते. नाइलाजाच्या निर्णयातही समान वेतनाचे तत्त्व रोवून ठेवणे, ही त्या प्रसंगाची शिकवण होय.

हिशेब नेमका हवा

आता पहिल्या फलकाकडे वळू. पहिली परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये झाली. तेव्हा सातवी परिषद त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात होणे संभवत नाही. ती झाली नोव्हेंबर १९४५ मध्ये. कायद्यातील मर्यादा १९३४ पासूनच दहा तासांची होती, चौदांची नव्हे. आणि १९४६ मध्ये ती नऊ झाली. आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांना सहा दिवसांनी भागले की आठ येतात, त्यावरून 'आठ तास' ही लोकभाषा झाली. बदल परिषदेच्या ठरावाने नव्हे, तर विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीने झाला.

किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले; त्याचा कायदा झाला १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक बाबासाहेबांच्या मजूरखात्याने १९४३ मध्ये केली, अहवाल १९४४ मध्ये आला. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा आणि योजनेचा प्रत्यक्ष प्रारंभ १९५२ मधील. भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम नोव्हेंबर १९५१ मध्ये निघाला. त्यापूर्वीच बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. कामगार संघटनांना मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये आणले. ते रखडले, १९४७ मध्ये दुसऱ्या रूपात संमत झाले आणि ते कलम कधीच अमलात आणले गेले नाही.

या हिशेबाने बाबासाहेबांचे कार्य कमी होते काय? आम्हास उलट वाटते. चार वर्षांत, महायुद्ध चालू असता, परकीय सत्तेच्या चौकटीत राहून, एका माणसाने तास, रजा, लेखी सेवानियम, किमान वेतन, विमा व संघटनेची मान्यता या सहाही दिशांना पाया घातला. त्यावर नंतर इतरांनी भिंती उभ्या केल्या. पाया घालणाऱ्यास भिंतींचे श्रेय द्यावयाची गरज नाही. पाया दाखविला म्हणजे पुरे.

संविधानातील नोकरदार

१९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी एक मूलभूत इशारा दिला. सरकारने हस्तक्षेप केला नाही म्हणजे स्वातंत्र्य मिळते असे नाही. उपाशी व बेकार माणूस नोकरीसाठी आपले हक्क गहाण टाकतो आणि मग खासगी मालकाचे राज्य त्याच्यावर चालते. या इशाऱ्याचा काही अंश संविधानात उतरला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम २३ ने वेठबिगार व सक्तीचे श्रम निषिद्ध केले, कलम २४ ने चौदा वर्षांखालील मुलांस कारखाना व खाण येथे मज्जाव केला, कलम १९ ने संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले. समान वेतन, कामाची माणुसकीस धरून असलेली परिस्थिती, प्रसूती साहाय्य व निर्वाह वेतन ही मार्गदर्शक तत्त्वांत आली.

१९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हे कलम २३ मधील सक्तीचे श्रम होय, असा निर्णय दिला. भूक हीदेखील सक्तीच आहे, हे त्यामागील तत्त्व. आणि १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायद्यात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास झाडलोट करावयास किंवा मेलेले जनावर ओढावयास भाग पाडणे हा गुन्हा ठरला. १८७४ च्या कायद्याने जे कर्तव्य म्हणून लादले होते, ते १९७६ मध्ये गुन्हा म्हणून नोंदले गेले. शंभर वर्षांचा हा प्रवास होय.

हेट्ठिमा दिशा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालास तथागतांनी त्या दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यांत खालची दिशा म्हणजे दास व कर्मकर. मालकाने त्यांच्या बाबतीत पाच कर्तव्ये पाळावीत : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष प्राप्तीत वाटा द्यावा आणि वेळेवर रजा द्यावी. कर्मकरानेही चोख काम करावे आणि दिलेले तेवढेच घ्यावे. हे एकतर्फी नाही, परस्परांचे आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांच्या विनयात मालक व सेवक यांच्या विनयास स्थान दिले, ते उगाच नव्हे.

कामाचे तास, वेतन, आजारपणाचा विमा, बोनस आणि पगारी रजा : सुत्तातील पाच गोष्टी आणि कामगार कायद्याची पाच मोठी प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. अंतर एवढेच की सुत्तात ती मालकाच्या शीलावर सोपविलेली आहेत आणि कायद्यात ती मागता येतात. शील असलेल्या मालकास कायद्याची भीती नसते. शील नसलेल्याच्या हाताखाली राबणाऱ्यास कायद्यावाचून आधार नसतो.

दाराची उंची

२१ नोव्हेंबर २०२५ पासून एकोणतीस जुन्या केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत स्वागतार्ह गोष्टी आहेत, त्या मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. किमान वेतन आता ठरावीक धंद्यांच्या यादीपुरते राहिले नाही. ज्या आस्थापनेस व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू आहे, तेथे प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. दिवसाला आठ तास ही मर्यादाही त्या संहितेत लिहिली गेली. नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता करावयाचा आहे. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारास वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळू शकते. आणि एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस वाटाघाटीसाठी मान्यता मिळण्याची तरतूद आली. १९४३ च्या विधेयकाचा धागा असा इतक्या वर्षांनी पुन्हा हाती लागला.

परंतु कामगार कायद्याचे दार नेहमीच एका संख्येने उघडते व बंद होते. १८८१ मध्ये ती संख्या शंभर होती, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस, १९४८ मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा. दार दरवेळी अधिक रुंद होत गेले. नव्या संहितेत 'कारखाना' या संज्ञेसाठी ती संख्या पुन्हा वीस झाली, विजेविना चालणाऱ्यास चाळीस. स्थायी आदेशांसाठी शंभराऐवजी तीनशे. कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्यासाठी शंभराऐवजी तीनशे. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी विसाऐवजी पन्नास. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत हवी. आणि वेतनसंहितेने भेदभावास जी बंदी केली आहे ती लिंगाच्या आधारावर आहे. त्या कलमात जातीचा उल्लेख नाही.

याहून जिव्हारी लागणारी बाब वेगळी आहे. नव्या संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावण्यास मनाई केली. मग गाभ्याबाहेरची कामे कोणती, याची यादी दिली. जी आस्थापना मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तिच्यासाठी त्या यादीतील पहिले काम आहे सफाई : झाडलोट, स्वच्छता, कचरा उचलणे. कायद्याच्या भाषेत येथे जातीचा शब्दही नाही. परंतु हे काम कोण करतो हे गावच्या चावडीसही ठाऊक होते आणि शहरासही ठाऊक आहे. मालक कोण, या वतनातील पहिल्या प्रश्नास कंत्राटदाराकडे बोट दाखवून उत्तर देण्याची सोय येथे राहिली. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा मार्ग २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोकळा झाला, तो अनेक वर्षांच्या लढ्यानंतर. भुयारी गटारात मृत्यू पावणाऱ्यांच्या वारसांस २०१४ मध्ये न्यायालयाने दहा लाखांची भरपाई ठरविली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, परंतु शक्तीप्रमाणे काम द्यावे आणि माणसाचा जीव धोक्यात घालू नये, हे कर्तव्य अजून पाळले गेलेले नाही.

म्हणून आमच्या विहारांतील अभ्यासवर्गांनी एक साधा उपक्रम हाती घ्यावा. ज्यांस नोकरी आहे त्यांनी आपले नेमणूकपत्र घेऊन यावे आणि त्यात त्या पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. मालक म्हणून नाव कोणाचे आहे? काम कोणते लिहिले आहे? तास किती? वेतन किती व कोणत्या तारखेस? सेवा संपविण्याची रीत काय? ज्यांच्याकडे नेमणूकपत्रच नाही, त्यांनी ते मागावे आणि त्यासाठी इतरांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि आमचे जे बंधुभगिनी नेमणूकपत्रावर सही करणाऱ्या खुर्चीत आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील सफाई कामगाराचे नाव एकदा वाचावे. त्याच्या पाच प्रश्नांना आपल्या कचेरीत उत्तर आहे काय, हे पाहावे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतनाविरुद्ध मांडलेले विधेयक तेव्हा संमत झाले नाही. ते अजूनही पूर्णपणे संमत व्हावयाचे आहे, आणि त्यावर मत देण्याची पाळी आता आमची आहे.